सुभेदारांचे चोवीस तास

‘लवकरात लवकर’ हे शब्द गेल्या कित्येक वर्षांत माझ्या तोंडून गेलेले नाहीत. चुकून जिभेवर आलेच तर पोटऱ्या ठणकायला लागतात. सूनबाई विचारते, "मामा, गिरणीत कधी जाणार?" मी म्हणतो, "सव्वादहाला." आणि सव्वादहाला दळणाचा डबा उचलतो. नातवंडं हसतात. हसू देत. ही खोड माझी नव्हेच. ती सुभेदार निकमांनी लावली, आणि काढून घ्यायला ते आता या जगात नाहीत.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सांगलीपासून एस.टी.नं तासाभरावर, कृष्णाकाठी आमचा सहकारी साखर कारखाना. मी तिथं शेतकी खात्यात गटप्रमुख. बारा गावांचा ऊस माझ्या हवाली. घराण्यातला पहिला बी.एस्सी. ॲग्री, त्यामुळं डोक्यात हवा भरपूर आणि पायाला माती कमी. माझ्यासारखे मधल्या फळीचे आम्ही सातजण होतो. वर साहेबलोक, खाली मुकादम आणि मध्ये आम्ही. वरून आलेला हुकूम खाली ढकलायचा आणि खालून आलेली तक्रार वर ढकलायची, ह्याला आम्ही जबाबदारीचं पद म्हणत होतो.

त्या सुमाराला कारखान्याचा उतारा घसरला. उतारा म्हणजे शंभर किलो उसातून किती किलो साखर पडते ते माप. तो का घसरला हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तोडलेला ऊस दोन-दोन दिवस शेतात पडायचा, मग एक दिवस गाडीतळावर उन्हात तापायचा, आणि गव्हाणीत, म्हणजे गिरणीकडं नेणाऱ्या पट्ट्यावर, पडेपर्यंत निम्मा रस सूर्यनारायण पिऊन बसायचा. संचालक मंडळाची मोठी बैठक झाली, चिवडा-लाडू झाले आणि धोरण ठरलं: ‘ताजा ऊस, जादा उतारा’. ते गेटाच्या भिंतीवर म्हशीएवढ्या अक्षरांत रंगवलं. महिना गेला. अक्षरं ताजी राहिली, ऊस शिळाच येत राहिला.

मग पुण्याहून एक प्राध्यापक आणले. त्यांनी तीन दिवस फळ्यावर त्रिकोण काढले. वरच्या टोकाला धोरण, तळाला कृती आणि मध्ये बाण. आमचे गाडीतळाचे प्रमुख शिंदे पहिल्या रांगेत बसून घोरले. प्राध्यापक काकवीचा डबा घेऊन परत गेले आणि त्रिकोण फळ्यावरच राहिले. एम.डी. साहेब वैतागून म्हणाले, "आता मी माझा माणूस आणतो."

त्यांचा माणूस, सुभेदार निकम, सायकलवरून आला. उंब्रजच्या पलीकडच्या एका खेड्यातला. फौजेत सव्वीस वर्षं रसद पोचवायचं काम केलेला, त्यातली शेवटची काही वर्षं नाईक-हवालदारांना शिकवण्यात घालवलेला. पांढऱ्या मिशा, इस्त्रीचा पायजमा आणि भर उन्हाळ्यातसुद्धा अंगात फौजेतला हिरवा स्वेटर. उकडत नाही का विचारलं तर म्हणायचे, "उकडलं की गडी जागा ऱ्हातो." घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेलं. "येळ दुसऱ्याला दावायची नसती. आपुन बघायची असती."

पहिला वर्ग बियाण्याच्या गोडाऊनमध्ये भरला. शनिवारी सकाळी सातला. सातला म्हणजे सातला. सात वाजून दोन मिनिटांनी आलेले गिरणीचे कुलकर्णीसाहेब, आमचे असिस्टंट इंजिनिअर, बंद दाराबाहेर उभे राहून खिडकीतून शिकले.

सुभेदारांनी खिडकीतून भिंतीकडं बोट केलं. "त्ये काय लिवलंय?"

"धोरण," मी पुढं होऊन म्हणालो. पुढं व्हायची मला हौसच होती.

"बरं. मग उद्या सकाळी सा वाजता तुमी त्येच्यासाठी काय करणार?"

"लवकरात लवकर ऊस पोचवण्याचा शक्यतो प्रयत्न करू."

सुभेदार हसले. इतकं गोड हसले की मला वाटलं, आता शाबासकी. म्हणाले, "बी.एस्सी. न्हवं तुमी? झकास. लवकरात लवकर, शक्यतो, प्रयत्न. तीन झालं. गाडीतळाला तीन फेऱ्या मारून या. पळत."

मी इकडंतिकडं बघितलं. आतले पाचजण ओठ दाबून जमिनीकडं बघत होते. गेलो. दोनशे बैलगाड्यांचा तळ, शेणाचा चिखल, आणि मी नव्या बुटांत पळतोय. गाडीवान वैरण टाकता टाकता विचारत होते, "सायेब, कुणी मागं लागलंय का काय?" तिसऱ्या फेरीला तर चार-पाचजणांनी टाळ्या वाजवल्या. असा राग आला होता म्हणून सांगू! राजीनामा लिहायचा म्हणून गोडाऊनमध्ये परत आलो, तर सुभेदार तांब्याभर पाणी हातात घेऊन दारात उभे. म्हणाले, "बसा. आता सांगा, पळताना गाड्या किती दिसल्या? कंच्या गाडीचा ऊस वाळला व्हता?" मला एकही सांगता येईना. "आसं हाय बघा," ते म्हणाले, "तुमी रोज ह्याच तळावरनं जातासा." राजीनामा मनातच राहिला.

त्या दिवसापासून ते तीन शब्द आमच्या सातजणांत शिवीसारखे झाले.

त्यांची शिकवण्याची एकच रीत होती. झोळीतून कोरी पोस्टकार्डं काढायची आणि एकेक हातात द्यायचं. एका बाजूला लिहायचं, उद्या मी काय करणार. दुसऱ्या बाजूला, ते झालं हे संध्याकाळी मला कशावरून कळणार. कार्डावर मावलं नाही तर ते काम नव्हे. शिंद्यांनी पहिल्या दिवशी लिहिलं, ‘गाडीतळावर शिस्त निर्माण करण्यात येईल.’ सुभेदारांनी कार्ड उलटं करून बघितलं. दुसरी बाजू कोरी. "शिंदे, ह्यो विलेक्शनातला कागद हाय. पुन्यांदा लिवा." पाचव्या खेपेला शिंद्यांनी लिहिलं, ‘ज्या गाडीचा नंबर आधी, ती आधी सोडणार. ओरडणाऱ्याला आधी सोडणार नाही.’ आणि मागं लिहिलं, ‘संध्याकाळी नंबर वहीत ओळीनं दिसतील.’ सुभेदारांनी ते कार्ड सगळ्यांना वाचून दाखवलं. शिंदे पन्नाशीचा माणूस, पण लाजून लालेलाल झाला.

सांगलीकडच्या एका संचालकांना हे फौजी शिक्षण पटलं नव्हतं. साखर कारखान्यात शिपायाचा काय उपयोग, असं ते उघड म्हणत. एम.डी.नी सुभेदारांना बोलावून घेतलं. सुभेदारांनी तिथल्या तिथं झोळीतून एक कार्ड काढलं आणि लिहून दिलं: ‘हंगामाच्या शेवटच्या पंधरवड्यात ऊस तोडल्यापासून गव्हाणीत पडेपर्यंत सरासरी चोवीस तास. न झाल्यास वर्ग बंद, मी घरी.’ खाली सही. एम.डी. म्हणाले, "अहो, एवढं कडक कशाला लिहिता?" तर म्हणाले, "पोरांच्याकडनं लिवून घेतो. मग माझं कोण लिवणार?"

आता चोवीस तास म्हणणं सोपं. पण ऊस किती तासांचा आहे हे ओळखायचं कसं? शेतकरी म्हणायचा कालचा, मुकादम म्हणायचा आजचा, गाडीवान म्हणायचा मला काय ठावं. सुभेदारांनी काय करावं? कुलकर्णीसाहेबांना बरोबर घेतलं, माझ्या गटातल्या एका फडात तोडणीच्या वेळी जाऊन उभे राहिले आणि तोडलेल्या पहिल्या मोळीबरोबर तिथंच बसून राहिले. मोळी गाडीत गेली तसे हेही गाडीत चढले. कुलकर्णी बिचारे पॅन्टवाले, गिरणीच्या बाहेर कधी न पडलेले. बैलगाडीत उसावर बसून गाडीतळावर आले तेव्हा त्यांच्या अंगभर उसाची कुसळं आणि तोंडाला कोरड. मला म्हणाले, "चौगुले, मी अकरा वर्षं इथं आहे. ऊस इतका वेळ नुसता उभा असतो हे मला माहीत नव्हतं!" तोडल्यापासून मोळी गव्हाणीत पडायला एकोणसत्तर तास लागले होते. सुभेदारांच्या वहीत प्रत्येक थांबा लिहिलेला. कुठं गाडीची वाट बघितली, कुठं ऊस हलवायची चिठ्ठी नव्हती, कुठं काटेवाला जेवायला गेला होता.

त्यातून चिंध्या निघाल्या. वारागणिक एक रंग. ज्या दिवशी ऊस तुटला, त्या दिवसाच्या रंगाची चिंधी मुकादमानं गाडीच्या दांडीला बांधायची. सकाळची तोड असेल तर एक गाठ, दुपारची असेल तर दोन. गव्हाणीपाशी कारकून रंग आणि गाठ बघून तास मांडणार. कागद नको, वाचता येणं नको. सोमवारी लाल, मंगळवारी पिवळी. पहिल्या आठवड्यात गाडीतळ एखाद्या जत्रेसारखा दिसायला लागला.

पण माणसं ती माणसं. पहिल्या सोमवारी योगायोगानं तळ भराभर मोकळा झाला, आणि अशी बोलवा उठली की लाल चिंधीची गाडी आधी घेतात. झालं! बुधवारी हिरवी असायची, तर निम्मा तळ लाल. एका पठ्ठ्यानं तर हातभर लाल लुगड्याचा काठ बांधून आणला होता, जरीसकट. सुभेदार गाडीपाशी गेले, काठ सोडला, नीट घडी केली आणि गाडीवानाच्या हातात दिला. "घरात नेऊन द्या. आन् वैनींना म्हणावं, तुमचा चोर सुभेदारानं हजर केलाय." सगळा तळ खदखदून हसला. गाडीवानही हसला, पण घरी जायला त्याचे पाय काही उचलेनात. मग चिंध्या गटकचेरीतून शिक्का मारूनच द्यायच्या असं ठरलं. माझ्या गटाच्या चिंध्यांचं गाठोडं माझ्या ताब्यात आलं.

मधल्या काळात एकदा ते मला घरी जेवायला घेऊन गेले. कारखान्याच्या चाळीत दोन खोल्या. सुभेदारांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकी, भाकरी थापत होत्या. मी विचारलं, "काकी, घरातबी सुभेदार असंच घड्याळ लावतात का?" काकींनी नुसतं दाराकडं बोट केलं. दाराच्या फळीवर खिळ्याला एक पोस्टकार्ड टोचलेलं. त्यावर सुभेदारांच्याच अक्षरात: ‘दाराची कडी बसवणे. मंगळवार.’

"कंचा मंगळवार त्ये लिवलंच न्हाई," काकी म्हणाल्या. "तीन म्हयनं झालं."

सुभेदार ताटावरून मान वर करेनात. मग एकदम असे हसत सुटले की ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाले, "बी.एस्सी., तळाला एक फेरी मारून येऊ काय?" आणि जेवण झाल्यावर खरंच त्यांनी हत्यारं काढली आणि कडी बसवली.

ते कडी ठोकत असताना काकी हळूच मला म्हणाल्या, "फौजेतनं आलं तवा दोन वरसं घरात हुतं. नुसतं भिताडाकडं बघायचं. गावातबी बसायचं न्हाई, शेतातबी मन न्हाई. हितं आल्यापास्नं पोटभर जेवत्यात. ह्ये टिकू दे बाबा." मी ‘व्हय’ म्हणालो. एम.डी.ना दिलेल्या त्या कार्डावर सुभेदारांनी काय पणाला लावलंय हे मला त्या दुपारी कळलं, आणि दुसऱ्या दिवशी मी बाकीच्या सहाजणांना सांगितलं.

मग आम्ही इरेला पेटलो. हे खरंच सांगतो. त्या हंगामात आम्ही जेवढं राबलो तेवढं पुन्हा कधी राबलो नाही. एकोणसत्तरचे पन्नास झाले, पन्नासाचे चाळीस. शिंद्यांनी तळावर स्वतःच्या मेव्हण्याची गाडी मागं लावली, त्यावरून बायको आठ दिवस बोलली नाही. कुलकर्णी रोज सकाळी तळावर येऊन गाड्या मोजायचे. पण एकतीसला गाडी अडली ती अडलीच. हंगामाचा शेवटचा पंधरवडा लागला. आज एकतीस, उद्या बत्तीस, परवा परत एकतीस. पुढं हलेना.

फाट्यावरच्या चहाच्या हॉटेलात आम्ही सातजण बसलो. शेवटी शिंदे म्हणाले, "आबा जाणार गड्या." सुभेदारांना आम्ही तोपर्यंत आबा म्हणायला लागलो होतो. "आठ दिसांत जाणार. आन् आपुन बसलोय च्या पीत."

पुढचं कोणाच्या तोंडून आधी निघालं हे आजही मी सांगणार नाही. ठरलं एवढंच, की तळाच्या फाटकात शिरताना थोड्या गाड्यांच्या चिंध्या बदलायच्या. कालची काढायची, आजची बांधायची. जास्त नाही, वीस-पंचवीस गाड्या. गाठोडं माझ्याकडंच होतं. मी माझ्या हातानं शिक्क्याच्या चिंध्या शर्टात घालून नेल्या. भीती वाटत नव्हती. उलट आपण काहीतरी मोठं, मायेचं काम करतोय असं वाटत होतं. मूर्खपणाला असाच वास येत असावा.

दुसऱ्या दिवशी आकडा सत्तावीस. मग पंचवीस. मग चोवीस! सुभेदार काय खूश झाले! फाट्यावरनं गरम भजी मागवली, कुलकर्णींच्या पाठीत असा धपाटा घातला की त्यांचा चष्मा खाली पडला. आम्हीही खाल्ली भजी. गोड लागली, खोटं कशाला बोलू?

त्याच दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, सुभेदार तळावर फिरले. उसाची मोळी उसाच्याच शेंड्यानं, वाढ्यानं, बांधतात. वाढं हिरवं असलं की ऊस ताजा, पिवळं पडून करकरायला लागलं की शिळा. हे आम्हांला माहीत नव्हतं असं नाही. सात शहाण्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

शनिवारी सातला वर्ग भरला. टेबलावर एक मोळी ठेवलेली. दांडीची चिंधी तिलाच बांधलेली. सुभेदारांनी वाढं मुठीत चुरगाळलं, त्याचा चुरा झाला.

"चिंधी कालची, वाढं परवाचं," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "कुणी केलं त्ये इचारत न्हाई. का केलं त्ये सांगा."

शिंदे उभे राहिले. हात जोडून म्हणाले, "आबा, तुमी जाऊ ने म्हून." आणि तो एवढा दांडगा माणूस हुंदके द्यायला लागला. मीही उभा राहिलो. म्हणालो, "चिंध्या माझ्या. मी आणल्या."

सुभेदारांनी मोळीची चिंधी सोडून टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "आरं, एकतीस दिसत हुतं तवा कुठं अडलंय त्ये हुडकता तरी येत हुतं. ह्ये तीन दिस मी काय हुडकणार? माझ्यावर मया केली आन् माझंच डोळं बांधलं व्हय रं." मग पुढं म्हणाले, "आजवर मला लय लोकांनी फशिवलं. पर रडत रडत फशिवणारं तुमीच पैलं." आणि मिशांतून किंचित हसले. ते हसू बघून तर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चिडले असते, तळाला शंभर फेऱ्या मारायला लावल्या असत्या, तर बरं झालं असतं.

संचालक मंडळाच्या बैठकीला आकडे घेऊन मी त्यांच्याबरोबर होतो. त्यांनी उभं राहून सांगितलं, "एकतीस तास." मधले तीन दिवस त्यांनी काढून टाकले होते. का काढले ते सांगितलं नाही. ‘मोजणीत चूक’ एवढंच म्हणाले. आमच्यापैकी एकाचंही नाव घेतलं नाही.

चेअरमन म्हणजे पटक्याचा शेतकरी माणूस. म्हणाले, "आवं सुभेदार, एकोणसत्तराचं एकतीस झालं. ह्ये काय थोडं हाय व्हय?"

"लय हाय साहेब. पर चोवीस न्हाई."

"त्ये कार्ड फाडून टाका. ऱ्हावा तुमी." सांगलीचे संचालकसुद्धा मान हलवून ‘राहू द्या’ म्हणाले, हे विशेष.

सुभेदार म्हणाले, "ऱ्हातो वो. मला काय न्हकोय व्हय? पर शनवारी वर्गात जाऊन त्या सातजणांना काय शिकवू? आकडा न्हाई आला तर म्होरल्याला मया येस्तवर थांबायचं?" मी खाली मान घालून आकड्यांच्या कागदाकडं बघत बसलो.

ते गेले. काकी टेम्पोत भांड्यांच्या पाट्यांमध्ये बसल्या होत्या. माझ्याकडं बघून हसल्या. मला तिथं पाय रोवून उभं राहवेना.

पुढच्या हंगामात वर्ग बंदच होता. म्हणजे कागदोपत्री. पहिल्या शनिवारी सात वाजता मी गोडाऊनपाशी सहज गेलो, तर शिंदे आधीच येऊन बसलेले. मग कुलकर्णी आले, मग बाकीचे. सातला आम्हीच दार लावलं. मोळीमागं बसून राहायची पाळी आता आमची होती. चार शनिवार गेले तेव्हा सापडलं. माझ्याच गटकचेरीतून ऊस हलवायच्या चिठ्ठ्या दुपारी सुटत होत्या, कारण सकाळी साहेब, म्हणजे मी, सह्या करायला दहाला येत होतो. सकाळी तोडलेला ऊस माझ्या सहीसाठी दुपारपर्यंत फडात पडायचा! शिंद्यांनी नुसतं माझ्याकडं बघितलं. दुसऱ्या दिवसापासून मी सहाला सह्या करायला लागलो. काटेवाल्यांच्या जेवणाच्या पाळ्या लावल्या. हंगामाच्या मध्यावर आकडा बावीसवर आला. कोणी चिंधी बदलली नव्हती. प्रत्येकजण दुसऱ्यावर डोळा ठेवून होता.

मी रजा टाकली आणि उंब्रजची एस.टी. धरली. तिथून दोन मैल चालत. सुभेदार भुईमुगाच्या बांधावर बसले होते. थोडे वाळले होते. अंगात तोच हिरवा स्वेटर. मी धापा टाकत म्हणालो, "आबा, बावीस!"

"कुणी मोजलं?"

"आम्हीच."

"मागल्या खेपंलाबी तुमीच मोजलं हुतं," ते म्हणाले. माझा चेहरा पडला तसे खो खो हसले आणि माझा दंड धरून मला खाली बसवलं. काकींनी चहा आणला. मी म्हणालो, तुम्ही स्वतः या आणि मोजा. कधी येता? "सांगून आलो तर तपासणी कसली," एवढंच म्हणाले. परत निघताना काकी बांधापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "येत्याल बघ. काल राती जेवत न्हवतं. आज जेवत्याल."

दहाएक दिवसांनी शिंदे धावत कचेरीत आले. "आबा आलंय! पहाटेपास्नं तळावर हाय! मला आत्ता दिसलं!" मी खिडकीतून बघितलं. गाडीवानांच्या घोळक्यात, डोक्याला टॉवेल गुंडाळून, उलट्या घमेल्यावर सुभेदार बसले होते. आम्ही सातजण गेलो, तर हातानंच लांब व्हा म्हणाले. चहा पाठवला, तो परत आला. ऊन चढलं, उतरलं. प्रत्येक गाडीवानाशी बोलत, वाढी चुरगाळत, गव्हाणीपर्यंत चालत जात आणि परत येत दिवसभर ते एकटेच फिरत होते. त्या दिवशी आम्ही कोणी धड जेवलो नाही. परीक्षेला बसलेल्या पोरांसारखी आमची अवस्था होती, आणि आमच्यात निम्मे नातवंडांचे आजोबा.

संध्याकाळी साडेपाचच्या गाडीला ते फाट्यावर आले. आम्ही सगळे तिथं. चेअरमननी मुद्दाम निरोप धाडला होता, तो मी सांगितला: वर्ग परत सुरू करायचा आहे, सुभेदारांनी यावं.

"सुरू हाय न्हवं?" ते म्हणाले. "शनवारी सातला बसतासा, गाडीवान सांगत हुतं मगाशी. आता मी येऊन काय, पाणी वाटू?" मग माझ्याकडं बघितलं आणि सावकाश म्हणाले, "मी हितनं गेलो तवा वाटलं हुतं, सगळं गेलं. कायबी गेलं न्हाई रं." आणि ते एस.टी. येते का बघायला पाठ करून उभे राहिले.

आकडा विचारायचा धीर कोणालाच होईना. गाडी आली. ते चढले, खिडकीशी बसले. तेव्हा शिंद्यांना राहवलं नाही. "आबा! आवं, पास का नापास?"

"पास हाय!" सुभेदार खिडकीतून ओरडले. "पर माझं तेवीस भरलं. तुमी बावीस म्हणतासा. मदला एक तास कुणी खाल्ला त्यो हुडका!"

गाडी सुटली. आम्ही टोप्या उडवल्या, कुलकर्णींनी चक्क शिट्टी मारली. धुरळ्यातून बघितलं तर खिडकीबाहेर सुभेदारांचा हिरव्या बाहीचा हात होता, एक बोट वर केलेलं. गाडी वळणाला लागली तरी ते बोट काही खाली आलं नाही.